अमेरिकन फुटबॉलचे सामने अमेरिकेबाहेर खेळवावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वाद नेमका कोणत्या सामन्यांविषयी आहे?

नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजेच एनएफएल, ही अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलची ३२ संघांची स्पर्धा आहे. (येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल; आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याला पुढे सॉकर म्हटले आहे.) नियमित हंगामात प्रत्येक संघ १७ सामने खेळतो आणि त्यांच्या निकालांवर बाद फेरीतील प्रवेश ठरतो. या १७ पैकी एखादा सामना लंडन, म्युनिक किंवा साओ पावलो येथे खेळवावा की नाही, हा वादाचा विषय आहे. हंगामापूर्वीचे सराव सामने ऐंशीच्या दशकापासून परदेशात होत आले आणि त्यांच्याविषयी फारशी तक्रार कोणी केली नाही, कारण त्यांचा निकाल गुणतक्त्यात धरला जात नाही.

क्रिकेटची सवय असलेल्या वाचकाला यात वाद घालण्यासारखे काय आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. आपला संघ परदेश दौऱ्यावर जातो, तसेच हे असावे, असा समज होतो. परंतु येथे राष्ट्रीय संघ दौऱ्यावर जात नसून दोन शहरांच्या संघांची आपसांतली लढत तिसऱ्याच देशात नेली जाते. मुंबई आणि विदर्भ यांच्यातला नागपूरला ठरलेला रणजी सामना उचलून दुबईत नेला तर नागपूरकर काय म्हणतील, याची कल्पना केली म्हणजे अमेरिकेतल्या नाराजीचे मूळ लक्षात येते.

हे सामने केव्हापासून होत आहेत?

अमेरिकेबाहेरचा नियमित हंगामातला पहिला सामना २ ऑक्टोबर २००५ रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियममध्ये झाला. ॲरिझोना कार्डिनल्सने सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा ३१-१४ असा पराभव केला आणि तो पाहायला १,०३,४६७ प्रेक्षक आले होते. दोन वर्षांनी, २८ ऑक्टोबर २००७ रोजी, लंडनच्या वेम्बली मैदानावर न्यूयॉर्क जायंट्स आणि मायामी डॉल्फिन्स भर पावसात खेळले. तेव्हापासून करोनाचे २०२० हे वर्ष सोडले तर लंडनमध्ये दरवर्षी किमान एक सामना झाला आहे.

पुढे व्याप वाढत गेला. २०२२ मध्ये म्युनिक, २०२३ मध्ये फ्रँकफर्ट आणि २०२४ मध्ये साओ पावलो ही शहरे यादीत आली. संघमालकांनी डिसेंबर २०२३ मध्ये वर्षाला आठपर्यंत सामने परदेशात नेण्यास मान्यता दिली आणि २०२५ च्या हंगामात साओ पावलो, डब्लिन, लंडन, बर्लिन आणि माद्रिद मिळून सात सामने झाले. त्यांपैकी तीन एकट्या लंडनमध्ये होते. २०२६ साठी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडची घोषणा झाली, तेव्हा आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांचेही या विषयाकडे लक्ष गेले.

अमेरिकेत एवढी लोकप्रियता असताना लीगला बाहेर जाण्याची गरज काय?

गरज त्या लोकप्रियतेतूनच निर्माण झाली आहे. २०२३ या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १०० दूरचित्रवाणी प्रक्षेपणांपैकी ९३ एनएफएलची होती. ज्या बाजारपेठेत शंभरातल्या त्र्याण्णव जागा आधीच आपल्या आहेत, तेथे आणखी वाढणार किती? २०२१ मध्ये झालेले प्रक्षेपणाचे करार अकरा वर्षांसाठी सुमारे ११० अब्ज डॉलरचे होते. पुढचे करार याहून मोठे व्हायचे असतील तर नवे प्रेक्षक आणि प्रक्षेपणाच्या नव्या वेळा या दोन्हींची आवश्यकता आहे. परदेशातले सामने दोन्ही देतात. लंडनमध्ये दुपारी सुरू झालेला सामना न्यूयॉर्कमध्ये सकाळी साडेनऊला दिसतो, म्हणजे रविवारची जी सकाळ रिकामी होती ती विकता येते. परदेशी चाहत्यांसाठी आम्ही जातो, असे लीग म्हणते आणि ते खोटे नाही; मात्र ती अर्धीच गोष्ट आहे.

यजमान शहराचे खरोखर किती नुकसान होते?

या संपूर्ण वादात माझ्या दृष्टीने हाच प्रश्न मुख्य आहे. बेसबॉलमध्ये घरच्या मैदानावर ८१ सामने होतात, बास्केटबॉलमध्ये ४१ होतात. फुटबॉलमध्ये ते आठ किंवा नऊच असतात. त्यामुळे नऊतला एक गेला तर वर्षातला नववा हिस्सा गेला, आणि तोही अशा प्रेक्षकाच्या हातून, ज्याने हंगामाच्या तिकिटासाठी कित्येक वर्षे प्रतीक्षा केलेली असते. अनेक संघ तर तिकीट विकण्याआधी त्या खुर्चीवरील हक्काचे वेगळे पैसे घेतात. मैदानाबाहेर गाड्या लावून, शेगडी पेटवून दिवसभर चालणारे खाणेपिणे हा त्या शहरांचा सणच असतो. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे हे जेमतेम एक लाख वस्तीचे गाव आहे आणि तेथील मैदानात ८० हजारांवर लोक बसतात; अशा गावाच्या हॉटेलमालकाला, रखवालदाराला आणि सॉसेज विकणाऱ्याला एक रविवार जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ग्रीन बे पॅकर्स हा संघ २०२२ मध्ये लंडनला गेला, तेव्हा ३२ संघांपैकी परदेशात सामना न खेळलेला तो शेवटचा संघ होता. या विलंबाचे कारण हेच होते.

महाराष्ट्राला या दुःखाची दोन्ही टोके ठाऊक आहेत. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला आणि पुण्याचा तसेच मुंबईचा संघ विशाखापट्टणमला ‘घरचे’ सामने खेळू लागला. कारण रास्त होते, पाण्यापुढे क्रिकेट कोणीही मोठे मानणार नाही. तरीही गहुंज्याच्या मैदानाची तिकिटे घेतलेल्यांची हळहळ खरीच होती. दोन वर्षांनी पारडे फिरले. कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे सामने गहुंज्याला आले आणि पुणेकरांना घरबसल्या महेंद्रसिंग धोनी पाहायला मिळाला, तर चेन्नईचे चाहते खास रेल्वेगाडीने पुण्याला आले. त्या वेळी पुण्यात जी उत्साहाची गर्दी होती तीच आज म्युनिकमध्ये आहे, आणि जी रिकामी खुर्ची चेन्नईत होती ती आज अमेरिकेतल्या कुठल्यातरी शहरात आहे. फरक एवढाच की आपल्याकडे दुष्काळ किंवा आंदोलन अशी अडचण होती, तर तेथे हा निर्णय राजीखुशीने आणि उत्पन्नासाठी घेतला जातो.

सतरावा सामना आल्यामुळे हा प्रश्न सुटला, असे म्हणतात ते कसे?

२०२० पर्यंत हंगाम १६ सामन्यांचा होता, आठ घरी आणि आठ बाहेर. २०२१ मध्ये सतरावा सामना आला आणि विषम संख्येमुळे निम्म्या संघांना नऊ घरचे सामने मिळू लागले. लीगचे एएफसी आणि एनएफसी असे दोन विभाग आहेत; एका वर्षी एका विभागातील सर्व १६ संघांना नववा सामना मिळतो, पुढच्या वर्षी दुसऱ्या विभागाला. त्यानंतर परदेशातील सामन्यांचे यजमानपद साधारणपणे ज्याला नऊ सामने आहेत अशाच संघाकडे दिले जाऊ लागले. २०२५ मधील सातही यजमान संघ एएफसीचे होते. शिवाय प्रत्येक संघाने आठ वर्षांत किमान एकदा तरी अशी पाळी घ्यावी, असा ठराव मालकांनी केला आहे.

यामुळे ‘तुमचे आठ सामने सुरक्षित आहेत, गेला तो वरचा’ असे चाहत्यांना सांगता येते. हा युक्तिवाद मला बराचसा पटतो. तो आणखी पुढे नेला तर असेही दिसते की, लीगचे आयुक्त रॉजर गुडेल ज्या १६ परदेशी सामन्यांचे उद्दिष्ट वारंवार बोलून दाखवतात, त्यामागे एक साधे गणित आहे. ३२ संघांचे १६ सामने होतात. म्हणजे प्रत्येक संघाचा सतरावा सामना तटस्थ मैदानावर गेला तर सर्वांना घरी आठ, बाहेर आठ आणि परदेशी एक अशी समान वाटणी मिळते. आज निम्म्या संघांना घरचा एक सामना जास्त मिळतो, ही विषमताही त्यातून संपते. मात्र अठराव्या सामन्याचीही चर्चा सुरू आहेच. हंगाम १८ सामन्यांचा झाला तर संख्या पुन्हा सम होईल आणि ‘वरचा सामना’ नावाची गोष्टच उरणार नाही. तेव्हा परदेशातला सामना पुन्हा कोणाच्या तरी हक्काच्या नऊतून काढावा लागेल, आणि आज दिलेले समाधानकारक उत्तर उद्या लागू पडणार नाही.

जॅक्सनव्हिल दरवर्षी लंडनला का जाते?

फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल जग्वार्स हा संघ २०१३ पासून जवळजवळ दरवर्षी आपला एक घरचा सामना लंडनमध्ये खेळतो. संघाचे मालक शाहिद खान यांचा जन्म लाहोरचा. लंडनचा फुलहॅम हा सॉकर क्लबही त्यांच्याच मालकीचा आहे आणि २०१८ मध्ये त्यांनी वेम्बली मैदान विकत घेण्याचा प्रस्तावही दिला होता, जो नंतर मागे घेतला. जॅक्सनव्हिलची दूरचित्रवाणी बाजारपेठ लहान असल्याने लंडनच्या उत्पन्नावर संघाचा डोलारा सावरतो, असे मालकांचे म्हणणे असते. ते मान्य केले तरी वरचे गणित येथे मोडते, कारण हा संघ ज्या वर्षी आठच घरचे सामने असतात त्या वर्षीही लंडनला जातो. २०२२ आणि २०२४ मध्ये जॅक्सनव्हिलकरांना आपल्या शहरात नियमित हंगामातले सातच सामने पाहायला मिळाले. संघ गावात टिकावा म्हणून गावानेच त्याला वर्षातून एकदा निरोप द्यावा, ही मोठी विचित्र तडजोड आहे.

प्रवासामुळे खेळाडूंवर परिणाम होतो का?

होतो, परंतु सर्व ठिकाणांचा सारखा होत नाही. बोस्टनहून लंडनचे अंतर विमानाने सहा-सात तासांचे आहे आणि सिएटलहून मायामीला जायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरील संघाने लंडनविषयी फार कुरकुर करावी, असे मला वाटत नाही. कॅलिफोर्नियातील संघाची गोष्ट वेगळी, कारण लॉस एंजेलिस आणि लंडन यांच्या वेळेत आठ तासांचा फरक आहे आणि शरीराला एका तासाच्या फरकाशी जुळवून घ्यायला साधारण एक दिवस लागतो, असा ढोबळ नियम सांगितला जातो. मेलबर्न तर लॉस एंजेलिसहून विमानाने पंधरा तासांच्या आसपास आहे आणि सप्टेंबरात तेथील घड्याळ १७ तास पुढे असते. ५३ खेळाडू, त्यांचे प्रशिक्षक, वैद्यकीय पथक आणि टनावारी साहित्य घेऊन एवढा प्रवास करायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा एकमेकांवर आदळायचे, यासाठी विश्रांतीचा आठवडा लगेच मिळणे आवश्यक आहे. काही संघ लंडननंतरची ही विश्रांती नाकारून ती हंगामाच्या उत्तरार्धासाठी राखून ठेवतात. ती त्यांची निवड आहे.

उत्पन्नातला जवळजवळ निम्मा वाटा करारानुसार खेळाडूंकडे जातो, हेही विसरू नये. त्यामुळे त्यांची संघटना या सामन्यांना सरसकट विरोध करत नाही.

येथे एक गमतीची नोंद करण्याचा मोह आवरत नाही. लंडनचा प्रवास खेळाडूंपेक्षा प्रशिक्षकांना अधिक बाधतो, असे म्हणायला जागा आहे. २०१४ मध्ये रेडर्सचे डेनिस ॲलन, २०१५ मध्ये डॉल्फिन्सचे जो फिलबिन आणि २०२४ मध्ये जेट्सचे रॉबर्ट सालेह या तिघांनाही लंडनमधल्या पराभवानंतर दोन दिवसांच्या आत नारळ मिळाला.

सामना तटस्थ ठिकाणी झाल्याने स्पर्धेच्या न्यायाला बाधा येते का?

घरच्या मैदानाचा लाभ हा या खेळात खरा लाभ असतो. पाहुण्या संघाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चाल सांगून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, आपल्याच सहकाऱ्यांना सूचना ऐकू जाऊ नये इतका आवाज प्रेक्षक करतात. लंडनमध्ये तो आवाज दोघांनाही सारखाच मिळतो. याहून मोठी अडचण २०२३ मध्ये दिसली. जॅक्सनव्हिलने १ ऑक्टोबरला वेम्बलीत अटलांटाला हरवले आणि संघ तेथेच राहिला. पुढच्या रविवारी लंडनमधल्याच टॉटनहॅम या सॉकर क्लबच्या मैदानात त्यांची गाठ बफेलो बिल्सशी होती. कागदोपत्री यजमान बफेलो होते. प्रत्यक्षात बफेलोचे खेळाडू सामन्याच्या दोन दिवस आधी पोहोचले होते, तर ‘पाहुणे’ आठवडाभर लंडनच्या वेळेनुसार झोपत-उठत होते. जॅक्सनव्हिल २५-२० असे जिंकले. एका संघाला दोन आठवडे परदेशात ठेवायचे आणि दुसऱ्याला नव्याने आणायचे, ही रचना चुकीची आहे. ती टाळणे वेळापत्रक करणाऱ्यांच्या हातात आहे. २०२५ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज सलग दोन आठवडे डब्लिन आणि लंडनमध्ये खेळले, तेव्हा दोन्ही वेळा ते पाहुणेच होते, म्हणजे मिनेसोटाच्या चाहत्यांचा एकही सामना गेला नाही. परंतु दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यासमोर आलेल्या क्लीव्हलँडबाबत तोच प्रश्न उरला.

बफेलोचा याआधीचा अनुभवही बोलका आहे. २००८ ते २०१३ या काळात हा संघ वर्षातून एक घरचा सामना कॅनडातील टोरंटोमध्ये खेळत असे. टोरंटो बफेलोपासून मोटारीने दोन तासांच्या अंतरावर आहे, तरीही प्रेक्षकांत ती ऊब कधी आली नाही आणि प्रयोग गुंडाळावा लागला. घरपण मोजायला मैलांचा हिशेब पुरत नाही, एवढे त्यातून दिसले.

परदेशातील मैदाने या खेळाला योग्य असतात का?

नेहमीच नसतात. २००७ च्या सामन्यात वेम्बलीच्या हिरवळीचा चिखल झाला आणि त्याच मैदानावर नोव्हेंबरात इंग्लंडचा सॉकर संघ क्रोएशियाकडून ३-२ असा हरून युरो स्पर्धेबाहेर गेला, तेव्हा मैदानाच्या अवस्थेवरही बरीच टीका झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये अझ्टेकाची हिरवळ इतकी खराब होती की कॅन्सस सिटी आणि लॉस एंजेलिस रॅम्स यांचा सामना आयत्या वेळी अमेरिकेत हलवावा लागला. तो रॅम्सने ५४-५१ असा जिंकला. एवढा रंगलेला सामना मेक्सिकोच्या चाहत्यांना घरच्या घरी पाहता आला नाही, ही चुटपुट त्यांना अजून असेल. २०२४ मध्ये साओ पावलोत खेळाडू सारखे घसरत होते.

याला उत्तम उत्तर टॉटनहॅमने दिले आहे. २०१९ मध्ये उघडलेल्या त्यांच्या स्टेडियममध्ये सॉकरचे गवती मैदान तीन भागांत विभागून दक्षिणेकडील प्रेक्षागृहाखाली सरकवले जाते आणि त्याखालचे फुटबॉलचे कृत्रिम गवताचे मैदान उघडे होते. प्रत्येक शहराने एवढा खर्च करावा, अशी अपेक्षा नाही. परंतु मैदानाची तपासणी सामन्याच्या कितीतरी आधी पूर्ण व्हावी, हा आग्रह लीगने धरलाच पाहिजे, कारण घसरलेल्या पायाचा गुडघा एका हंगामासाठी निकामी होऊ शकतो.

परदेशातले प्रेक्षक खरे चाहते आहेत की केवळ हौशी?

वेम्बलीतल्या पहिल्या सामन्यांत हौशी बरेच होते, आणि आजही लंडनच्या प्रेक्षागृहात ३२ संघांचे ३२ प्रकारचे अंगरखे दिसतात. परंतु मेक्सिको आणि जर्मनी यांच्याविषयी हा प्रश्न विचारणे अन्यायाचे ठरेल. मेक्सिकोतील विद्यापीठांत हा खेळ कित्येक दशके खेळला जात आहे. जर्मनीत तो अमेरिकन सैनिकांच्या तळांमधून बाहेर पडला, १९७९ पासून तेथे स्वतःची लीग आहे आणि फ्रँकफर्ट गॅलॅक्सीसारख्या संघांनी एक अख्खी पिढी घडवली. १३ नोव्हेंबर २०२२ रोजी म्युनिकमध्ये टॉम ब्रेडीच्या टॅम्पा बेने सिएटलला २१-१६ असे हरवले, त्या दिवशी सुमारे सत्तर हजार जर्मन प्रेक्षक एक जुने अमेरिकन गाणे एका सुरात गात होते आणि ते ऐकून अमेरिकन समालोचकही चकित झाले. ज्यांनी वर्षानुवर्षे मध्यरात्री जागून हा खेळ पाहिला, त्यांच्या दारात वर्षातून एकदा तो यावा, यात गैर काही नाही.

इतर खेळांत असे होते का?

बास्केटबॉल आणि बेसबॉलमध्ये होते, आणि त्यांच्या सामन्यांची संख्या पाहता त्याची झळ कोणाला फारशी लागत नाही. सॉकरने मात्र आजवर हा मार्ग नाकारला आहे. इंग्लिश प्रीमियर लीगने २००८ मध्ये ३९वा सामना परदेशात खेळवण्याची कल्पना मांडली आणि ती विरोधामुळे बारगळली. डिसेंबर २०२५ मध्ये विलारेआल आणि बार्सिलोना यांचा स्पॅनिश लीगचा सामना मायामीत घेण्याचे ठरले होते. खेळाडू आणि चाहते यांच्या विरोधानंतर तोही रद्द झाला. अमेरिकन लीग युरोपात निर्वेध सामने भरवते आणि युरोपातील लीगला अमेरिकेत एक सामना नेता येत नाही, हा विरोधाभास गमतीचा खरा. त्याचे कारण असे की युरोपातील चाहत्यांच्या संघटना क्लबच्या कारभारात आवाज उठवण्याइतक्या संघटित आहेत. अमेरिकेतील तिकीटधारकाकडे नूतनीकरण नाकारण्यापलीकडे काही साधन नसते, आणि त्याच्या मागे रांग उभी असते.

लंडनमध्ये कायमचा संघ असावा का?

नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशी संघाला वर्षातून आठ वेळा अटलांटिक ओलांडावा लागेल, बाद फेरीत एका आठवड्याच्या सूचनेवर डेन्व्हरला किंवा सिएटलला जावे लागेल, आणि खेळाडूंना करांपासून मुलांच्या शाळेपर्यंत सर्व संसार दुसऱ्या देशात हलवावा लागेल. शिवाय असा संघ बहुधा कुठल्यातरी अमेरिकन शहरातून उचलूनच न्यावा लागेल. एक सामना पाहुणचारासाठी नेणे आणि संपूर्ण घर हलवणे यांत फार अंतर आहे.

सुपर बोल परदेशात होईल का?

ती शक्यता लीगचे अधिकारी फेटाळून लावत नाहीत. सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, तसाही तटस्थ मैदानावर होतो, त्यामुळे कोणाचा घरचा सामना जात नाही. तरीही हा सामना अमेरिकेचा अघोषित सण झालेला असताना तो बाहेर नेण्यात मिळवण्यापेक्षा गमावण्यासारखेच अधिक आहे.

अशा सामन्यांमुळे खेळ त्या देशात रुजतो का?

एका रविवारच्या उत्सवाने रुजत नाही. लीगने स्वतः याचा अनुभव घेतला आहे. १९९१ मध्ये सुरू झालेली आणि पुढे एनएफएल युरोप या नावाने चाललेली वसंत ऋतूतील स्पर्धा जून २००७ मध्ये तोट्यामुळे बंद झाली. अखेरच्या हंगामात सहापैकी पाच संघ जर्मनीचे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात वेम्बलीचा पहिला सामना झाला. म्हणजे दुय्यम खेळाडूंची स्थानिक लीग चालवण्याऐवजी अस्सल माल थोडा थोडा नेऊन दाखवायचा, असे धोरण ठरले. व्यवसाय म्हणून ते यशस्वी झाले. परंतु कर्ट वॉर्नरसारखा खेळाडू ॲमस्टरडॅममध्ये घडून पुढे सुपर बोल जिंकून गेला, तशी संधी देणारी शाळा त्यासोबत बंद झाली.

त्यानंतर २०१७ पासून परदेशी खेळाडूंसाठी वेगळा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेला जॉर्डन मायलाटा त्यातून फिलाडेल्फिया ईगल्समध्ये आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने सुपर बोल जिंकला. मेलबर्नच्या सामन्यापेक्षा मायलाटाची कहाणी ऑस्ट्रेलियातल्या मुलांना अधिक ओढून आणेल, असे मला वाटते.

अंगाला न भिडता, कमरेची पट्टी ओढून खेळला जाणारा फ्लॅग फुटबॉल हा याहून स्वस्त मार्ग आहे. त्याला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले आणि तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला. त्याच ठरावात क्रिकेटचे पुनरागमन असल्याने आपल्या वर्तमानपत्रांत फ्लॅग फुटबॉलला एखादीच ओळ आली, हे समजण्यासारखे आहे.

भारतात एनएफएलचा सामना होऊ शकेल का?

नजीकच्या काळात शक्यता कमी दिसते, परंतु कारणे लोक समजतात ती नाहीत. मैदान ही अडचण नाही. फुटबॉलचे मैदान सुमारे ११० मीटर लांब आणि ४९ मीटर रुंद असते, ते क्रिकेटच्या मोठ्या मैदानात सहज बसते आणि मेलबर्नची निवड त्यावर शिक्कामोर्तब करते. वेळही अडचण नाही, कारण मुंबईत संध्याकाळी सातला सुरू झालेला सामना न्यूयॉर्कमध्ये सकाळी साडेनऊला, म्हणजे लंडनच्या सामन्यांच्याच ठरलेल्या वेळी दिसेल. अडचण आहे ती चौदा-पंधरा तासांच्या प्रवासाची आणि पैसे मोजून येणाऱ्या चाहत्यांच्या संख्येची.

प्रयत्न झालेच नाहीत, असे मात्र नाही. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची स्पर्धा २०१२ मध्ये खेळवली गेली, तिच्यात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघ होते आणि गंमत अशी की या भारतीय लीगचे सामने झाले कोलंबोत. बास्केटबॉलने अधिक सावध पाऊल टाकले. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रमेंटो किंग्ज यांनी वरळीत दोन सराव सामने खेळले. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. एनएफएलला भारतात यायचेच असेल तर प्रथम सराव सामना आणि शाळाशाळांतून फ्लॅग फुटबॉल हा क्रम योग्य ठरेल. नियमित हंगामातला सामना हिसकावून आणण्याइतकी आपली मागणी अजून तयार झालेली नाही.

परदेशातील सामने भारतातून पाहण्यास सोयीचे असतात का?

फारच सोयीचे असतात, आणि म्हणूनच या वादात आपले मत थोडे पक्षपाती असण्याचा संभव आहे. अमेरिकेत रविवारी दुपारी एकला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतो, सोमवार रात्रीचा सामना मंगळवारी पहाटे पावणेसहाच्या सुमारास आणि सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला. युरोपातला सामना मात्र रविवारी संध्याकाळी सातला सुरू होऊन रात्री दहा-सव्वादहापर्यंत संपतो. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांचा हिशेब नेमका उलटा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या जेट्सचा घरचा सामना लंडनला गेला, तो त्यांना सकाळच्या पोह्यांसोबत दूरचित्रवाणीवर पाहावा लागला आणि जेट्स १३-११ असे हरले. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात, त्यानंतरचे युरोपातील सामने भारतात संध्याकाळी सातऐवजी रात्री आठला सुरू होतात.